पेटीचा एक तास

वयाच्या ४२व्या वर्षी माणसाने रक्तातली साखर तपासून घ्यावी, फार तर फंडातून कर्ज काढून गच्चीची गळती थांबवावी. मी पेटी शिकायला लागलो. गोष्ट १९९८ सालची. चिरंजीव दहावीला होते, गच्ची गळत होती आणि बँकेत कॉम्प्युटर नावाचं प्रकरण नुकतंच येऊन बसलं होतं. अशा वेळी एका सद्‌गृहस्थांच्या घरातलं सामान विकायला निघालं, त्यात मला एक जुनी पेटी दिसली. भाता फाटका होता आणि मधल्या सप्तकातला पंचम दाबल्याशिवायच वाजायचा. मी ती दोन रिक्षा बदलून घरी आणली.

"अहो, हे काय?" ही म्हणाली.

"पेटी."

"ते दिसतंय. ठेवणार कुठे?"

ती पलंगाखाली राहिली. रोज साडेसात ते साडेआठ बाहेर यायची. मास्तर आठवड्यातून दोनदा येत. महिनाभर माझा हात पाहून ते म्हणाले, "बोटं चलाख आहेत हो, पण स्वर लावताना नोटा मोजल्यासारखं वाटतं." मी कॅशला होतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

पेटीच्या बाबतीत एक सोय असते. वाजवणारा वाईट असला तर वाद्यालाही थोडा दोष देता येतो. हे वाद्य मूळचं आपलं नव्हेच. पॅरिसच्या दबँ नावाच्या कारागिराने १८४२ साली त्याचं पेटंट घेतलं. पट्ट्या ठोकून बसवलेल्या, त्यामुळे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड त्यातून निघत नाही. याच कारणांवरून आकाशवाणीने १९४० साली पेटीला दारं बंद केली, ती १९७१ साली किलकिली झाली. एकतीस वर्षं! माझी तान अडखळली की मी घरात ही हकिकत सांगत असे. चौथ्यांदा सांगितल्यावर चिरंजीव म्हणाले, "बाबा, बंदी उठवायची घाई केली."

दहा वर्षांनी कॉलनीच्या गणपतीत माझा कार्यक्रम झाला. समोर अकरा माणसं होती. त्यांतली चार पुढच्या फॅन्सी ड्रेसमधल्या मुलांचे पालक होते. मी यमन वाजवला. उतरल्यावर एक गृहस्थ आवर्जून भेटायला आले, माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "खुर्च्या तुम्ही लावणार की आम्ही?"

त्या रात्री झोप लागली नाही. आपण कधीच गोविंदराव टेंबे होणार नाही, हे मला माहीत होतं. टेंब्यांच्या पेटीला कव्हर घालणारा गडीही होणार नाही, हे नवीन कळलं. मग हा खटाटोप कशासाठी? मोठ्या कलावंताने घरादाराकडे दुर्लक्ष केलं तर चरित्रकार त्याला साधना म्हणतात. मध्यम प्रतीच्या माणसाने केलं तर त्याला काय म्हणायचं? पण सकाळी ८.१४च्या लोकलमध्ये उभ्याउभ्या माझी बोटं दांडीवर यमन वाजवत होती. म्हटलं, मरू दे. आपल्याला बरं वाटतं ना? छंद करायला गुणवत्तेचा दाखला लागत नाही. हे उत्तर मला पुढे कितीतरी वर्षं पुरलं.

ते उसवलं निवृत्तीनंतर, लायब्ररीतल्या एका पुस्तकाने. अँथनी ट्रॉलप नावाचा इंग्रज कादंबरीकार पोस्टात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचा, घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिहायचा आणि मग कामावर जायचा. अशा चाळीसएक कादंबऱ्या त्याने पाडल्या. नोकरी सांभाळून कला कशी करावी, याचा हा आदर्शच, म्हणून मी आनंदाने वाचत होतो. पण त्याच्या आत्मचरित्रात एक म्हातारा नोकर आहे. साहेबांना पहाटे उठवायचं आणि कॉफी द्यायची, यासाठी त्याला वर्षाला पाच पौंड जास्त मिळत. ट्रॉलपने त्याचं ऋण मोकळेपणाने मान्य केलंय. मी पुस्तक मिटलं. साहेब साडेपाचला लिहायला बसत, तर हा म्हातारा किती वाजता उठत असेल? आणि त्याला कोण उठवत असेल?

स्वयंपाकघरातून पोळ्या लाटल्याचा आवाज येत होता.

एकदा हे भूत बसलं की उतरत नाही. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर असत आणि जिजाई भाकरी बांधून डोंगर चढे, अशी कथा आपण कौतुकाने सांगतो. त्या दिवशी मी डोंगर पायथ्याकडून पाहिला. बहिणाबाई चौधरींनी मात्र कुणाचा तास घेतला नाही. दळता दळता, शेतात राबता राबता गाणी रचली. लिहिता येत नव्हतं. ती घरच्यांनी टिपून ठेवली आणि पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यावर वर्षभराने. साडेसात ते साडेआठ त्यांना कुणी मोकळे दिले असते, तर काय झालं असतं कोण जाणे.

माझा तास कुठून येत होता, याचा हिशेब मी कॅशियर असूनही मांडला नव्हता. हीसुद्धा नोकरी करत होती. कचेरीतून साडेसहाला यायची. माझ्या यमनच्या वेळात पोळ्या, मुलाचं गणित, इस्त्रीवाला आणि 'जरा हळू वाजवायला सांगा' म्हणणारे खालच्या मजल्यावरचे काका, हे सगळं तिच्याकडे होतं. मी शुद्ध मध्यमावर बोट टाकलं की आतून, फोडणीच्या आवाजावर चढून, हाक यायची, "तीव्र!" पांढरी एकमध्ये यमन वाजवताना काळी तीन दाबायची, एवढं मला सोळा वर्षं जमलं नाही आणि हिची हाक एकदाही चुकली नाही. ऐकून ऐकून हिचा कान तयार झाला, असं मी मास्तरांना अभिमानाने सांगितलंही होतं!

आता लाजेची गोष्ट सांगतो. १९८१ साली कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात "मुलगी गाते का?" हे आमच्या आईने विचारलं होतं. हिने यमनच म्हटला होता. मध्यमा पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्रही तिच्या वडिलांनी दाखवलं होतं. मुलगी गाते का, हे विचारणारे आम्हीच. लग्न झाल्यावर तिला गायला सांगणारं आमच्यात कुणी निघालं नाही. मी तर पोहे आठवतो, यमन आठवत नाही.

"तू गा, मी साथ करतो," मी उदारपणे म्हणालो.

"तुमच्या साथीने? त्यापेक्षा पोळ्या करा."

तेव्हापासून साडेसात ते साडेआठ स्वयंपाकघर माझं आहे. पहिले दोन महिने ही गायली नाही. दार लोटून पेपर वाचायची, नाहीतर नुसती पडून राहायची. मला राहवेना. एके दिवशी म्हणालो, "अगं, मी तास मोकळा करून देतोय, तू काहीच करत नाहीस."

"तास माझा ना?" तिने पानावरून डोळे न काढता विचारलं.

मी परत कणकेकडे गेलो. कणीक सैल झाली होती.

मग गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दाराआडून षड्ज लागला. आवाज कापत होता, वरच्या सा ला पोचता पोचता फाटला. ती थांबली, पाणी प्यायली आणि पुन्हा खालून निघाली. मी ओट्याशी उलथणं घेऊन उभा.

"अहो, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या?" आतून आवाज आला.

मी मोजल्याच नव्हत्या. गॅस बंद केला. डाळीला खालून वास लागला होता. आत पुन्हा आलाप सुरू झाला. मध्यम शुद्ध लागतोय, असा मला संशय आला. पण मी काही बोललो नाही.