पाठ, पाठभेद आणि स्लाइड

रंगीत स्लाइडला निगेटिव्ह नसते. कॅमेऱ्यात प्रकाश झेललेली फिल्मच प्रक्रियेनंतर चौकटीत बसवली जाते. म्हणजे प्रत्येक स्लाइड ही एकमेव पोथी होय. नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हाळ्यांत तिच्यातील रंगद्रव्ये लवकर विरतात. जुन्या एक्टाक्रोमवरील निळसर-हिरवी छटा आधी जाते आणि चित्र तांबूस होते. घरच्या स्कॅनरवर हा रंग क्षणात ‘सुधारता’ येतो, आणि कडेला अर्धवट आलेली मोलकरीणही कातरता येते. अशा वेळी आपण प्रतिलेखन करीत नसून संपादन करीत असतो. आणि संपादनाला नीती असते. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत प्रक्षिप्त ठरलेले श्लोकही टाकून दिलेले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत राहिले. वडिलांच्या चेहऱ्याचा मूळ रंग शोधणे गैर नाही. मात्र तो आपण निश्चित केलेला पाठ आहे, हे पुढच्या वाचकाला कळले पाहिजे. म्हणूनच पहिली, हात न लावलेली प्रत जपण्याचा प्रश्न केवळ तांत्रिक ठरत नाही. त्या मोलकरणीचे दुसरे छायाचित्र कदाचित कोठेच नसेल.