एकादशीची शिल्लक

सदाशिव पेठेत तात्या नावाचे एक गृहस्थ राहायचे. बँकेतून हेडकॅशियर म्हणून निवृत्त झालेले. नोकरीत असताना संध्याकाळी रोख जुळल्याशिवाय त्यांनी कधी डब्याची पिशवी उचलली नाही. एका रुपयाचा फरक आला तरी सगळ्या गड्ड्या पुन्हा मोजायच्या, असा खाक्या. पण साठीनंतर साखर काठावर आली, डॉक्टरांनी ‘वजन उतरवा’ म्हणून बजावलं, आणि हा हिशेबी माणूस हिशेबच विसरला.

मुलाने बंगळूरहून डिजिटल काटा पाठवला. पहिल्या सकाळी आकडा आला ८२.४. तात्यांना तो पटेना. काटा उचलून मोरीजवळच्या फरशीवर ठेवला, तर ८२.६. देवघरासमोर ८२.३. “हीच फरशी सरळ आहे,” असा निर्वाळा देऊन त्यांनी चष्मा काढला, घड्याळ काढलं, खिशातल्या किल्ल्या काढल्या आणि पुन्हा उभे राहिले. मग चहाआधी, आंघोळीनंतर, जेवणापूर्वी, फिरून आल्यावर, दिवसभर तेच. आकडा दोनशे ग्रॅमनी उतरला की स्वारी खुशीत, आणि त्या खुशीत दोन बाकरवड्या. चढला की रात्री उपाशी झोपायचं आणि सकाळी बायकोवर, म्हणजे काकूंवर, डाफरायचं. शेवटी वैतागून “काटाच बिघडलाय” म्हणत त्यांनी तो माळ्यावर टाकला.

गणपती झाले, दसरा झाला, दिवाळीचा फराळ झाला. काटा माळ्यावरच होता, पण विजारीचा हूक लागेनासा झाला. काकूंनी काटा खाली काढला. ८४.१.

काकूंचा सगळा संसार कालनिर्णयावर लिहिलेला असे. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, कामाच्या बाईंची रजा, सगळं त्या त्या चौकोनात. त्या म्हणाल्या, “अहो, रोख कमी भरली तर तुम्ही कधी तिजोरीवर रागावलात का? वहीच उघडायचात ना? मग आताही तेच करा. सकाळी संडासला जाऊन आलात की चहाआधी एकदाच काट्यावर उभं राहायचं, तेही एकाच फरशीवर. आकडा इथे चौकोनात लिहायचा, खाली आदल्या दिवशी काय खाल्लं ते दोन शब्दांत. आणि दिवसभर त्यावर अवाक्षर नको. हिशेब महिनाअखेरीस.”

काकूंना ठाऊक नसेल, पण त्यांची युक्ती चारशे वर्षं जुनी. इटलीतल्या पादुआचे वैद्य सान्तोरिओ सुमारे तीस वर्षं काट्याला टांगलेल्या खुर्चीत बसून स्वतःचं वजन करत राहिले. खाल्लेलं, प्यायलेलं, शरीराबाहेर गेलेलं, सगळं तोलून लिहीत राहिले. १६१४ साली त्यावर त्यांनी ग्रंथ छापला. अमेरिकेत १९९४पासून, ज्यांनी निदान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर राखलं अशा माणसांची नोंद ठेवली जाते. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात.

महिना संपला. तात्या पेन्सिल घेऊन भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले. आकडे वर कधी गेले तिथे खुणा केल्या आणि चपापले. संकष्टीच्या दुसऱ्या दिवशी आकडा वर. दोन्ही एकादशींच्या दुसऱ्या दिवशी वर. बहुतेक सोमवारी वर. चौकोनांत स्वतःच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, दाण्याचे लाडू, रात्री उपास सोडायला मोदक. रविवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढून येत, पण उतरल्यावर मिसळ, वर अमृततुल्य चहा आणि क्रीमरोल.

“एकादशी आणि दुप्पट खाशी!” काकू एवढंच म्हणाल्या.

डॉक्टरांनी कालनिर्णयाचं पान पाहिलं आणि हसून सांगितलं, “तात्या, एका रात्रीत किलोभर चरबी चढत नाही. खारट आणि पिष्टमय खाल्लं की शरीर पाणी धरून ठेवतं, दोन दिवसांत ते उतरतं. म्हणून रोजच्या आकड्याने घाबरायचं नाही, आठवड्याची सरासरी बघायची. पण तुमचे उपास आणि रविवार एकत्र धरले तर उतरायला महिन्यात दिवस उरतात किती?”

तात्यांनी उपास सोडले नाहीत. उपासाला ताक, फळं आणि वाटीभर भगर एवढंच ठेवलं. पर्वती उतरली की पाय थेट घराकडे. वर्षाने आकडा ७८वर आला.

त्यांचे मित्र बापू अंगाने किडकिडीत. सारसबागेत भेटले की चेष्टा करायचे, “तात्या, माझं वजन कॉलेजात होतं तेवढंच आहे. मला कसला आलाय काटा!” एकदा ते तात्यांना सोबत म्हणून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी सहज त्यांच्या पोटाला टेप लावली. ९६ सेंटिमीटर! मग साखर तपासली, तर ती तात्यांहून जास्त.

डॉक्टरांनी त्यांना २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका फोटोबद्दल सांगितलं. त्यात शेजारी शेजारी उभे आहेत पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्राध्यापक जॉन युडकिन. उंचीच्या मानाने दोघांचं वजन सारखंच, बीएमआय २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२! काट्याला किलो कळतात, त्यांत चरबी किती ते कळत नाही. म्हणून भारतीय पुरुषाने कंबर ९० आणि बाईने ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावी असं सांगतात. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला तात्यांच्या कालनिर्णयावर टेपचाही आकडा पडू लागला, आणि बापूंनीही नव्या वर्षाचं कालनिर्णय स्वतःसाठी वेगळं घेतलं.

तात्पर्य : आकड्यावर रुसू नये आणि त्याच्या जोरावर बाकरवडीही खाऊ नये. त्याच्या शेजारी तारीख आणि ताट लिहावं, कारण वजन का वाढलं ते तिथेच सापडतं. रोजचा आकडा ज्याच्या जिवाला लागतो त्याने आठवड्यातून एकदाच मोजावं, पण मोजणं सोडू नये. नोंद रोजची असावी, निवाडा महिन्याचा.