दुसरी चादर

सब्र म्हणजे न रडणे काय?

कर्करोगाने माझी थोरली बहीण गेली, तेव्हा हुंदके देणाऱ्या अम्मींना मी म्हणालो, "सब्र करा, रडू नका." इमामाला शोभेल असेच आपण बोललो, असे मला वाटले. चूक माझी होती. पुत्र इब्राहीम अखेरचे श्वास घेत असताना खुद्द पैगंबर मुहम्मद (स.) यांचे डोळे पाणावले होते आणि त्या आसवांना त्यांनी रहमत म्हटले. इस्लामने मनाई केली आहे ती ऊर बडवून आक्रोश करण्याला, आसवांना नव्हे.

मग सब्र कशात आहे? हिजरी ३ मध्ये उहुदच्या रणभूमीवर हजरत सफिया (रजि.) आपले शहीद बंधू हजरत हमजा (रजि.) यांच्या कफनासाठी दोन चादरी घेऊन आल्या. शेजारी पडलेल्या एका अन्सारी शहिदाला कफन नव्हते. एक चादर त्याला देण्यात आली. भावासाठी आणलेल्या मायेत परक्याचाही वाटा निघाला.

भावंड ही अल्लाहची अमानत. ती त्याच्याकडे परतते. आपल्यापाशी उरते ती माया. तिची दुआ व्हावी, सदका व्हावा. बहिणीच्या औषधांसाठी ठेवलेले पैसे अम्मींनी रुग्णालयात तिच्या शेजारच्या खाटेवर असलेल्या मुलीच्या उपचारांसाठी दिले. देताना त्या रडत होत्या. या वेळी मी त्यांना अडवले नाही.

अल्लाह माझ्या बहिणीची आणि तुमच्या दिवंगत भावंडांची मगफिरत करो. आमीन.