पाणी केव्हा येते?

अन्न, पाणी आणि आरोग्य ही तीन नावे एका दमात घेणारी चर्चासत्रे मुंबईत आता वर्षभर चालतात. पवईच्या नाहीतर अंधेरीच्या सभागृहात जलतज्ज्ञ येतात, आहारतज्ज्ञ येतात, साथरोगांचे अभ्यासक येतात. माणसे अभ्यासू असतात, कळकळीची असतात. तरीही दुपारनंतर चर्चा एकाच उताराला लागते आणि चहाच्या वेळेपर्यंत सर्वांचे एकमत होते: लोकांमध्ये जागरूकता नाही. लोक पाणी उकळून पीत नाहीत, पिंपे उघडी ठेवतात, मुलांच्या हातात बिस्किटांचा पुडा देतात, औषधाचा कोर्स मध्येच सोडतात. तेव्हा जनजागृती करा. माझे भांडण या निष्कर्षाशी आहे. इतर मतांपेक्षा तो सभ्य दिसतो, कुणाचे मन दुखावत नाही, आणि म्हणूनच त्याची उलटतपासणी होत नाही.

इतर मतांना फार वेळ द्यायची गरज नाही. मुंबईत येणाऱ्या लोंढ्यांवर खापर फोडणाऱ्यांनी त्याच लोंढ्यांच्या हातांनी आपली घरे आणि रस्ते उभे राहिलेले पाहिले आहेत. मनोरीचा समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प होईल तेव्हा होईल. खासगीकरणाचा घाट अंधेरीच्या के-पूर्व विभागात २००६ साली जागतिक बँकेच्या सल्लागारांकरवी घालून झाला. लोकांनी तो हाणून पाडला. आणखी धरणे बांधा म्हणणाऱ्यांसाठी एक वस्तुस्थिती पुरे आहे. ज्या शहापूर तालुक्यातून तानसा आणि भातसाचे पाणी मुंबईला येते, त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना दर उन्हाळ्यात टँकर लागतो. गारगाई धरण झाले तरी हा हिशेब बदलणार नाही.

१८६० च्या विहार तलावापासून २०१४ च्या मध्य वैतरणा धरणापर्यंतची मुंबईच्या पाण्याची कथा वाचकांना पाठ आहे. आज सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी शहरात येते. जनगणनेच्या सव्वा कोटी लोकसंख्येने भागले, गळती आणि चोरी वजा केली, तरी माणशी आकडा १३५ लिटरच्या सरकारी मापदंडाच्या वर राहतो. पालिकेनेच इमारतींसाठी १३५ आणि झोपडपट्टीसाठी ४५ लिटरचे माप धरले, हा अन्याय आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण हा सगळा वाद ‘किती’चा आहे. उपनगरातल्या बाईला विचारा, ती लिटर सांगणार नाही. ती सांगेल, ‘पाणी केव्हा येतं’ ते. आणि बहुतेक वेळा सांगेल की त्याचा नेम नाही.

‘किती’ आणि ‘केव्हा’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर तज्ज्ञांजवळ असते, दुसऱ्याचे चावीवाल्याजवळ.

भांडुपच्या संकुलात शुद्ध झालेले पाणी घाटकोपरच्या किंवा अंधेरी-जोगेश्वरीकडच्या वेरावलीच्या जलाशयात चढते, आणि तिथून वस्त्यांना पाळीपाळीने सोडले जाते. पालिकेचे चावीवाले रोज शेकडो व्हॉल्व्ह उघडतात, बंद करतात. कुणाला दोन तास, कुणाला चार, तर कुणाला पाऊण. उंचावरच्या आणि वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या गल्लीत दाब पोहोचेपर्यंत पाळी संपत आलेली असते. निखिल आनंद या मानवशास्त्रज्ञाने जोगेश्वरीतल्या वस्त्यांचा अभ्यास करून २०१७ साली या विषयावर आख्खे पुस्तक लिहिले. शहरातले नागरिकत्व नळाच्या दाबात कसे दिसते, हे तिथे बारकाईने आले आहे. आपल्या चर्चासत्रांत त्याचा उल्लेख झाला, तर आभारप्रदर्शनात होतो.

आता जागरूकतेच्या आरोपाकडे येऊ आणि तो एकेक कलम घेऊन तपासू.

पहिले कलम, पाणी वाया घालवतात. असल्फ्याच्या किंवा मुलुंडच्या टेकडीवर गट नळजोडणी असते, पाच-सात घरांत एक मीटर. पाणी आले की आधी नळ घरघरतो, हवा सुटते, मग पिवळसर पाणी येते. ते बाई गटारात सोडून देते. ही उधळपट्टी नव्हे, हे ज्ञान आहे. पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब नाहीसा होतो आणि कुजलेल्या सांध्यांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. गल्लीत कुणी नळाला मोटर लावली, की तिच्या खेचण्याने ते अधिकच शिरते. पहिली कळशी सोडून द्यायची हे तिला कुठल्याही पोस्टरने शिकवलेले नाही. तज्ज्ञांच्या तक्त्यात मात्र ती कळशी ‘अपव्यय’ या रकान्यात जाते.

दुसरे कलम, पिंपात पाणी साठवतात आणि डेंग्यू ओढवून घेतात. एडिस डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्या अंड्यांचे डास होतात, हे खरे आहे. आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळून भांडी रिकामी करा, हा सल्लाही शास्त्रशुद्ध आहे. पण पिंप रिकामे करायचे म्हणजे ते पुन्हा भरेल याची खात्री लागते. उद्या पाणी येईल का आणि दाब असेल का, हे ज्या घराला माहीत नाही, ते घर भरलेले पिंप ओतणार नाही. ओतू नयेच. कीटकनाशक विभागाचा माणूस अळ्या दाखवून नोटीस देतो तेव्हा तो आपले काम चोख करत असतो. पण त्या अळ्यांच्या मागे वेळेवर न उघडलेला व्हॉल्व्हही असतो, आणि त्याला नोटीस द्यायची कुठलीच तरतूद नाही.

इथे बोरिवलीच्या एखाद्या सोसायटीकडे पाहावे. तिलाही पालिकेचे पाणी बहुधा काही तासच येते, बावीस-चोवीस तास नव्हे. ते जमिनीखालच्या टाकीत उतरते, पंपाने गच्चीवर चढते आणि घरातल्या नळाला दिवसभर मिळते. म्हणजे साठवण दोन्हीकडे आहे. एकीकडे ती सिमेंटची आणि सामाईक आहे, तिची देखभाल वॉचमन करतो. दुसरीकडे ती निळ्या प्लॅस्टिकची आहे आणि बाईच्या झोपेतून वसूल होते. सोसायटीतला माणूस पाण्याच्या बाबतीत जास्त जागरूक आहे म्हणून निरोगी आहे, असे कुणी दाखवून दिलेले नाही. त्याचा ‘केव्हा’ टाकीने सोडवला, एवढेच.

तिसरे कलम, उकळून पीत नाहीत. पहाटे चारला उठून पाणी भरायचे, सहाला डबे करायचे, सातची गाडी गाठायची आणि दुसऱ्याची भांडी घासायला जायचे, या दिवसात वीस लिटर पाणी उकळून निवत ठेवायला जागा कुठली? गॅसचा खर्च धरलेलाच नाही.

मला मान्य आहे की सवयींचा आरोग्याशी संबंध आहे. साबणाने हात धुण्याने जुलाब कमी होतात, हे निर्विवाद आहे. पुराव्याच्या बाबतीत मी माझ्या बाजूलाही सूट मागत नाही. हुबळी-धारवाडला शहराच्या काही भागांत चोवीस तास पाणी आणि बाकी भागांत खंडित पाणी अशी स्थिती होती, तिथे झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. लहान मुलांच्या साध्या जुलाबांत एकूण लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र गरीब घरांतल्या मुलांचे रक्ती जुलाब अखंड पाण्याच्या भागात कमी होते, आणि टायफॉइड झाल्याचे सांगणारी घरे सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होती. नळ सर्व रोग बरे करत नाही. पण ज्यांच्याजवळ दुसरा आडोसा नाही त्यांना तो वाचवतो, आणि तेही कुणाच्या वर्तनात बदल घडवण्याची वाट न पाहता.

म्हणून चोवीस तास पाणी हाच उपाय, असे मी म्हणत नाही. मुलुंड आणि वांद्रे पश्चिम या विभागांत पालिकेने २०१४ साली तो प्रयोग हाती घेतला आणि तो तडीस गेला नाही. माझे म्हणणे त्याहून लहान आहे. रोज ठरल्या वेळी येणारे दोन तास हे कधीही येणाऱ्या पाच तासांपेक्षा मोलाचे आहेत. ठरलेल्या दोन तासांनी वाहिनीतली घाण जाणार नाही, हे खरे. पण त्यांच्यावर भरवसा ठेवून पिंप ओतता येते, झोप घेता येते, मुलीला शाळेत पाठवता येते.

आणि हे पाण्यापुरते नाही. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्रात शहरी प्राधान्य कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५९ हजार ठेवली गेली, म्हणजे महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत. हा ‘किती’चा दोष. पण ज्याला रेशनकार्ड मिळाले आहे त्याचा प्रश्न निराळाच असतो. दुकानात धान्य आले का? आज तिथले मशीन चालू आहे का? अंगठा लागेल का? माणशी पाच किलोंसाठी दोन खेपा घालताना दोन दिवसांची मजुरी बुडाली, तर ते धान्य स्वस्त राहिले नाही. नाचणीचे गुण आम्ही २०२३ च्या भरडधान्य वर्षात मनापासून ऐकले. ती दळून आणायला, शिजवायला वेळ लागतो आणि पाणीही लागते, ही गोष्ट मात्र त्या व्यासपीठांवर माझ्या ऐकण्यात आली नाही.

आरोग्याच्या बाबतीत तर आपल्याच शहराने उत्तर देऊन ठेवले आहे. २०२२ साली पालिकेने ‘आपला दवाखाना’ सुरू केला. त्यात रोगांवर नवा शोध नव्हता. दवाखाना रात्री दहापर्यंत उघडा राहील, असे ठरवले होते. ज्यांना ‘आरोग्याबाबत उदासीन’ म्हटले जात होते, ती माणसे कामावरून सुटल्यावर तिथे रांगेत उभी राहिली. त्यांची उदासीनता घड्याळातली होती. औषधे संपतात, डॉक्टर अपुरे पडतात, या तक्रारी खऱ्याच आहेत. त्यांनी मुद्दा खोटा पडत नाही.

या तिन्ही गोष्टी एकच आहेत, हे गोरेगावच्या मृणाल गोरे यांना परिसंवादांशिवाय उमगले होते. वैद्यकीय शिक्षण सोडून त्या चळवळीत आल्या, पाण्यासाठी इतक्या लढल्या की पाणीवाली बाई हेच नाव झाले, आणि १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास महागाईविरोधात लाटणी घेऊन बायकांना रस्त्यावर आणले. त्या मोर्च्यांनी बायकांना कसे वागावे ते शिकवले नाही. अधिकाऱ्यांना तारीख विचारली. ‘पाणी केव्हा देता ते सांगा’ हा प्रश्न व्यवस्थेला जेवढा अडचणीचा आहे, तेवढा ‘किती देता’ हा नाही. लिटरचे आकडे सरासरीत लपतात. वेळ चुकली की ती साऱ्या गल्लीला दिसते.

जनजागृतीच्या मताचे खरे नुकसान मला इथेच दिसते. त्यातून व्यवस्थेची जबाबदारी घराच्या उंबऱ्याच्या आत ढकलली जाते, आणि आत ती नेहमी एकाच व्यक्तीच्या अंगावर पडते. उकळणे, झाकणे, गाळणे, ओतणे, रांगेत उभे राहणे, नाचणी भाजणे, मुलाला गोळ्या देणे ही सगळी क्रियापदे बाईची आहेत. तज्ज्ञांनी सुचवलेल्या प्रत्येक चांगल्या सवयीचे तास कुणाच्या दिवसातून कापायचे, हे कुठल्याही अहवालात लिहिलेले नसते.

मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये पाणी हक्क समितीच्या याचिकेवर निकाल देताना सांगितले की पाणी हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे. वस्ती अनधिकृत आहे म्हणून ते नाकारता येणार नाही. मे २०२२ मध्ये पालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ धोरण आणले. हक्क मिळाला, जोडण्याही मिळू लागल्या. पुढचा टप्पा वेळेचा आहे. प्रत्येक झोनला पाणी केव्हा सोडायचे याचे वेळापत्रक पालिकेजवळ असतेच. ते प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी मराठीत आणि हिंदीत लावावे, बदल असेल तर आदल्या दिवशी कळवावा, आणि वेळ किती वेळा चुकली याची नोंद दर महिन्याला विभाग कार्यालयात जाहीर करावी. यासाठी धरण लागत नाही आणि परदेशी सल्लागारही लागत नाही. चर्चासत्रांत बसणाऱ्या माझ्या मित्रांना विनंती आहे: पुढच्या ठरावात जनजागृतीच्या जागी ही एक मागणी लिहा आणि ती सह्यांनिशी आपल्या विभागाच्या सहायक आयुक्तांकडे पाठवा.