तुले येते काय?

मेहकर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा मुलगा सिव्हिल इंजिनिअर झाला. बापाच्या डोक्यात जुना काळ होता. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारनं विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली, त्याच सुमारास शेगावलाही कॉलेज निघालं. तेव्हा पंचक्रोशीत इंजिनिअर म्हणजे साहेब! त्या हिशेबानं त्यानं दोन एकर विकले. पोरगा पास होईस्तोवर गल्लोगल्ली इंजिनिअर झाले होते. पुण्यात त्याला कॉल सेंटर मिळालं, महिना 14 हजार. कंत्राट संपलं आणि तो गावी परतला. ‘पॅकेज किती?’ असं कुणी विचारेल म्हणून पारावरही जाईना.

विवेकानंद जयंती जवळ आली, तसं आईनं त्याला हिवरा आश्रमाला सेवेला धाडलं. शुकदास महाराजांनी उभारलेल्या इथल्या विवेकानंद आश्रमात महाप्रसादाला लाखावर माणसं शेतात पंगतीनं बसतात. पुरी अन् वांग्याची भाजी ट्रॅक्टर-ट्रॉलीतून वाढली जाते.

एक म्हातारे सेवेकरी ओळींसाठी फक्की टाकत होते.

“काय शिकला, बापू?”

“बी.ई. सिव्हिल, काका.”

“थे शिकणं झालं. तुले येते काय?”

पोरगा गप्प. चार वर्षांत त्यानं टेप हातात धरला होता तो फक्त प्रॅक्टिकलच्या मार्कांपुरता.

“मंग हे सांग, ओळीच्या टोकाले ट्रॉली वळाले जागा किती सोडू?”

पुस्तकातलं सूत्र आठवेना. त्यानं रिकाम्या वावरात ट्रॅक्टर वळवायला लावला. ट्रॉलीची चाकं ट्रॅक्टरच्या चाकोरीतून न जाता आतून कापत गेली. दोन्ही चाकोऱ्यांवर फक्की टाकून त्यानं रुंदी मोजली, वर थोडी जादा धरली आणि टोकाला खुंट्या ठोकल्या. पंगतीच्या दिवशी ट्रॉल्या तिथून बिनघोर वळल्या.

ते पाहणाऱ्या एका शेतकऱ्यानं विचारलं, “माह्या वावरातल्या पाइपलाइनीचा उतार काढून देशील का? पैसे देईन.” पुढच्याच आठवड्यात त्याला इंजिनिअर म्हणून पहिली कमाई झाली. मोठी नव्हती, नोकरीचे अर्ज त्यानं चालूच ठेवले. आता मात्र अर्जात पदवीखाली आपण काय मोजलं, काय आखलं, तेही तो लिहू लागला.

तात्पर्य: नोकऱ्या कमी पडल्या हा पोराचा दोष नाही, पण पदवी म्हणजे विद्या नव्हे. पोरांनी शिकतानाच हात मळवावेत, कॉलेजांनी ते मळू द्यावेत आणि गावानं पगार विचारण्याआधी काम सांगून पाहावं.