चार घास कमी

दीड-दोन वर्षांचं मूल असलेल्या घरी गेलं, की हातात पाण्याचा पेला येण्याच्या आत एक वाक्य कानावर पडतंच : "काही खातच नाही हो!" सांगणारी कधी आई असते, कधी आजी, कधी नुसतीच डोकवायला आलेली शेजारीण. ज्याच्याबद्दल हे चाललेलं असतं, ते पात्र त्या वेळी सोफ्यावरून उड्या मारत असतं. न खाता एवढ्या उड्या येतात कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही.

आमच्याकडेही हे वाक्य बरेच दिवस मुक्कामाला आहे. लेक अडीच वर्षांची. उष्टावणाला मामाच्या मांडीवर बसून तिने खीर अशी मिटक्या मारत खाल्ली की मामा खूश. पुढे नाचणीचं सत्त्व, मऊ भात आणि तूप, उकडलेला लाल भोपळा, समोर येईल ते फस्त. पहिला वाढदिवस झाला आणि हळूहळू तोंड फिरायला लागलं. ज्या भोपळ्यासाठी हात पसरायची, तोच भोपळा आता ताटलीच्या कडेला निवांत पडून असतो.

यामागचा हिशेब तसा सरळ आहे. जन्मताना तीन किलोंच्या आसपास असलेलं बाळ पाचव्या महिन्यापर्यंत दुप्पट होतं आणि वर्षाचं होईतो तिप्पट. याच चालीने वाढत गेलं तर दुसऱ्या वाढदिवसाला ते सत्तावीस किलोंचं भरेल! तसं होत नाही, हे सगळ्यांच्याच कंबरेच्या दृष्टीने बरं आहे. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतात आणि त्यानंतर वर्षाला दोनेक. उंचीचंही तसंच. पहिल्या वर्षी २५ सेंटिमीटर, दुसऱ्या वर्षी साधारण त्याच्या निम्मी, मग वर्षाला सहा ते आठ. वाढ मंदावली की भूकही मंदावणार. शिवाय मांड्यांवरच्या वळ्या उतरतात, गाल बसतात, आणि आजीला नात वाळल्यासारखी दिसू लागते.

पण शरीराची वाढ मंदावते कशासाठी? नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या ख्रिस्तोफर कुझावा यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली याचं एक फार सुंदर उत्तर मांडलं. मुलाचा मेंदू साखर सर्वांत जास्त जाळतो तो साधारण पाच वर्षांच्या सुमाराला. तेव्हा शरीराच्या रोजच्या एकूण ऊर्जेतला जवळजवळ ४३ टक्के हिस्सा एकटा मेंदूच उचलतो, आणि नेमकी त्याच सुमाराला शरीराची वाढ सर्वांत संथ असते. घरात एका भावाची फी भरायची म्हणून दुसऱ्याचे नवे कपडे पुढच्या वर्षावर ढकलतात, तसा हा मामला. वजनकाट्यावर काही दिसत नाही म्हणून आपण हळहळतो, आणि खर्च चाललेला असतो भलतीकडेच.

हे आईला, म्हणजे लेकीच्या आजीला, सांगून काही उपयोग नाही.

"अरे, चार घास तरी भरव तिला. सकाळपासून अर्धी पोळी गेलीय पोटात."

"आई, ती उठली ताटावरून."

"उठली म्हणजे? तुला मी असं उठू दिलं असतं का?"

दिलं नसतंच. आईचा हा हट्ट मला उगाचचा वाटत नाही. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १२९ बाळं पहिला वाढदिवस पाहत नसत. २०२० च्या नमुना नोंदणीत हा आकडा २८ वर आला. त्या काळात गोवर आला, जुलाब लागले, तर अंगावर मूठभर मांस असलेलं मूल तग धरायचं. चार घास जास्त भरवणं ही तेव्हा आईच्या हातातली एकमेव लस होती म्हणा ना. भीती त्या काळाची आहे आणि ताट आजचं, एवढाच घोळ आहे.

या भीतीपायी आपण ताटलीत काय उरलं ते मोजतो आणि ताटलीवर काय चाललंय ते बघत नाही. ते बघण्यासारखं असतं. रविवारी पोहे असतात. लेक आधी शेंगदाणे वेचते. चिमटीत धरून एकेक दाणा काढते आणि ताटलीच्या कडेवर मांडते. दोन दाण्यांत फट राहिली तर पुन्हा सरकवते. मग कढीपत्त्याचं पान उचलून उजेडात धरते. मोहरीच्या दाण्यावर बोट दाबलं की तो बोटाला चिकटतो, हा शोध तिला लागलाय आणि दर रविवारी ती तो नव्याने लावते. पोहे तोवर गार. मध्ये कधीतरी दोन घास जातात. कोथिंबीर आली की जीभ बाहेर काढून तेवढंच हिरवं बाहेर. वरणभात असला तर वरणात बोट बुडवून ताटलीवर रेघ ओढायची, रेघ वाहून गेली की दुसरी ओढायची.

आणि चमचा! गेल्या दिवाळीच्या सुमाराला ती चमचा मुठीत घट्ट आवळून धरायची. वाटीतून भरून वर न्यायची आणि ओठांपाशी येता येता तो नेमका पालथा व्हायचा. भात फ्रॉकवर, चमचा मात्र मोठ्या समाधानाने तोंडात. आता मनगट फिरतं. भरलेला चमचा ओठांपर्यंत आडवाच राहतो, अगदी शेवटच्या क्षणी हलकेच वळतो, आणि ताक असलं तरी निम्मं आत जातं. खांदा, कोपर, मनगट आणि नजर यांचं हे जमवून घेणं कितीतरी सांडलेल्या वाट्यांवर उभं आहे. भरवणाऱ्या हाताने ते एका आठवड्यात थांबवता येतं. आपल्या भरवण्याने फरशी स्वच्छ राहते, एवढा एक फायदा मी मान्य करतो.

मूल आपलं आपण खाऊ शकतं का, हे क्लारा डेव्हिस नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञ बाईंनी शंभरेक वर्षांपूर्वी करूनच पाहिलं होतं. अंगावरचं दूध सुटायच्या सुमाराची पंधरा बाळं त्यांनी सांभाळली आणि त्यांच्यापुढे चौतीस प्रकारचे साधे, ताजे पदार्थ आलटून पालटून ठेवले. परिचारिकेने चमचा हातात घेऊन गप्प बसायचं. बाळाने एखाद्या वाटीकडे हात केला तरच चमचा भरायचा, तोंड उघडलं तरच आत घालायचा. शाबासकी नाही, डोळे वटारणं नाही. प्रत्येक बाळाची निवड निराळी आणि विचित्र निघाली, पण मुलं धडधाकट झाली. मुडदूस झालेलं एक बाळ कॉड लिव्हर तेल आपणहून पीत राहिलं आणि बरं झाल्यावर त्याने ते सोडून दिलं. १९३९ साली हे सगळं मांडताना बाईंनी मेखही सांगून टाकली : पदार्थांच्या यादीत वाईट असं काही नव्हतंच. चौतीस वाट्यांत एक वाटी चॉकलेटची असती तर निकाल काय लागला असता, हे आपल्याला घरबसल्या कळतं.

म्हणजे काय शिजवायचं आणि किती वाजता वाढायचं हे मोठ्यांचं काम. किती खायचं हे लेकीचं. आपण बहुतेक घरांत नेमकं उलट करतो. काय खायचं ते तिला विचारतो (मॅगी, हे उत्तर ठरलेलं) आणि किती खायचं ते आपण ठरवतो. त्यात मधूनमधून बिस्किटं, सकाळ-संध्याकाळ मोठा पेला भरून दूध. दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं, की जेवणाला जागा राहत नाही आणि रक्तातलं लोह कमी होतं, हे बालरोगतज्ज्ञ सांगून सांगून थकले. मग भूक नसलेल्या त्या पोटात भात ढकलायला मोबाइल लागतो. पडद्याकडे बघत उघडलेलं तोंड भुकेने उघडलेलं नसतं. चिऊकाऊचे घास होते तेव्हा निदान खिडकीत खरी चिऊ तरी असायची.

एक गोष्ट मात्र या सगळ्यापासून वेगळी ठेवायला हवी. भरल्या डब्यांच्या घरात पोळी नाकारणारं मूल आणि मेळघाटातलं अर्धपोटी मूल यांना एकच सल्ला देता येत नाही. अंगणवाडीत महिन्याच्या महिन्याला वजन घेऊन कार्डावर ठिपका देतात, त्यातला एकच ठिपका बघायचा नसतो. ठिपके जोडणारी रेघ कुठे चालली आहे ते बघायचं असतं. रेघ आपल्या चालीने वर जात असेल, तर मूल शेजारच्या बंटीपेक्षा किलोभर कमी भरलं तरी हरकत नाही. रेघ आडवी झाली किंवा खाली वळली, तर मात्र ना आजीचं ऐकावं ना असल्या लेखाचं, सरळ डॉक्टर गाठावा. आणि 'आपली मुलं मुळातच बारीक' हेही तितकंसं खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली वाढीची जी प्रमाणं ठरवली, त्यासाठी सहा देशांतली मुलं मापली होती. त्यात नॉर्वेची होती तशी दिल्लीचीही होती, आणि नीट पोसलेली ही सगळी मुलं पहिल्या पाच वर्षांत जवळपास सारखीच उंच झाली.

तुमच्या घरात 'काही खातच नाही' हे वाक्य वस्तीला आलं असेल, तर आधी कार्डावरची रेघ बघून घ्या. ती ठीक असली तर आज रात्री ताट अर्धंच वाढा, भरवू नका, आणि आजीलाही शेजारी बसवून घ्या. लेकराने पुन्हा मागितलं तर वाढायला तुम्ही आहातच.