ब्रेकच लागला नाही ना, काका!

बिटको चौकात वांगी घेऊन निघालेल्या आजींच्या अंगावर गेलेली ती दुचाकी परवा सगळ्यांनी मोबाइलवर पाहिली. आजी वाचल्या, वांगी मात्र थेट डिव्हायडरपर्यंत गेली. त्यातही नवं काही नाही. डोकं फिरलं ते गाडी चालवणाऱ्या चिरंजीवांच्या खुलाशाने: "ब्रेकच लागला नाही ना, काका!"

लागला नाही म्हणे. ब्रेक म्हणजे काय लॉटरी, लागली तर लागली? वेग चिरंजीवांचा आणि ब्रेक मात्र कंपनीचा! हँडल बदलायला वेळ मिळाला, नंबरप्लेटवर ४१४१ चा 'दादा' करून झाला, फटाके फोडणारा सायलेन्सर बसला (तो शोधणाऱ्याला जेलरोडला, घराच्या गॅलरीत, रात्री अकराला बसवायला हवं). ब्रेकचा नट आवळायला तेवढा मुहूर्त सापडेना.

जगात खरोखर ब्रेक नसलेल्या मोटारसायकली आहेत. स्पीडवे या शर्यतीची गाडी पाचशे सीसीची, मिथेनॉलवर चालणारी. नियमानेच तिला ब्रेक नसतो. मातीच्या लंबगोल ट्रॅकवर चौघे चार फेऱ्या मारतात, वळणं सगळी डावीकडची. मागचं चाक मुद्दाम घसरवायचं, हँडल उलट उजवीकडे धरायचं आणि डावा पाय जमिनीवर टेकवत न्यायचा. त्या बुटाखाली पोलादी तळवा बांधलेला असतो. आपल्या दादाच्या पायात स्लिपर होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर या खेळाने इंग्लंडला वेड लावलं, तेव्हा सातासमुद्रापलीकडून तिथे गेलेल्यांत रॉनी मूर होता. जन्म १९३३ चा, होबार्टचा. वाढला न्यूझीलंडच्या क्राइस्टचर्चमध्ये. वडिलांचा जत्रेत 'मौत का कुआँ', पोरगंही त्याच लाकडी भिंतीवर तयार झालं. १९५० मध्ये, सतराव्या वर्षी, तो लंडनच्या विम्बल्डन संघात आला आणि त्याच वर्षी वेम्बलीच्या जागतिक अंतिम फेरीत उतरला. १९५४ मध्ये, काही आठवड्यांपूर्वी पाय मोडलेला असताना, जगज्जेता झाला. १९५९ मध्ये पुन्हा.

हे सगळं फुकट मिळालं नाही. सिडनीत जानेवारी १९५० मध्ये एकाच शर्यतीत रे डगन आणि नॉर्मन क्ले हे स्वार गेले. खुद्द मूरच्या डोक्याला १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियात जबर मार बसला, जेमतेम वाचला. पण ट्रॅकवर उतरणाऱ्या चौघांनाही ठाऊक असतं की समोरच्याला ब्रेक नाही. बघणारे तिकीट काढून, कुंपणापलीकडे बसतात. वांगी घेऊन निघालेल्या आजींनी कसलं तिकीट काढलं होतं?

बाकी सबबी, गाडी मित्राची होती, कुत्रं आडवं आलं, सोडून देऊ. विसाव्या वर्षी वेग आवडणारच. आज उपदेश करणारे काकाही कधीकाळी उतारावर सायकलचे दोन्ही हात सोडत होतेच. तेव्हा हेल्मेट नव्हतं, हल्ली असतं, कोपरात अडकवलेलं.

गाडी गॅरेजला गेली. मेकॅनिकने मागचं चाक खोलून पाहिलं, ब्रेक शू जवळजवळ कोरे. वापरलेच नव्हते.